तेंदूचा लिलाव आणि विमानाचं तेल

दिवाळीच्या आठवडाभर आधीची रात्र. तुम्ही पुण्यात हॉस्टेलवर आणि घर चंद्रपूरला, नाहीतर गडचिरोलीला. रेल्वेची वेटिंग लिस्ट हलायला तयार नाही. ट्रॅव्हल्सवाल्यांनी सीझनचा भाव लावलाय. म्हणून सहज पुणे-नागपूर विमानाचं तिकीट बघता आणि आकडा पाहून मोबाइल उशीवर उलटा ठेवता. रूममेट म्हणतो, "लुटताहेत नुसते!" तुम्हीही मान डोलावता.

खरंच लुटताहेत का? सणासुदीला मागणी वाढली की भाव चढवतात, यात वाद नाही. पण इतकं महाग तिकीट विकूनही या कंपन्या श्रीमंत होत नाहीत, उलट बुडतात. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट एअरवेज 2019 मध्ये. मग आपले पैसे जातात कुठे? मोठा हिस्सा टाकीत जातो. विमानाच्या टाकीत.

भारतात विमान कंपनीच्या एकूण खर्चाचा साधारण 35 ते 40 टक्के भाग इंधनाचा असतो. एटीएफ म्हणतात त्याला, एव्हिएशन टर्बाइन फ्युएल. नाव भारी वाटतं, पण ते आपल्या रॉकेलच्याच जातकुळीतलं. आता एक हिशोब करू, अगदी ढोबळ, बारावी पास मुलाला झेपेल असा. पुणे-नागपूर सरळ रेषेत सुमारे 600 किलोमीटर. 180 सीटचं एअरबस ए 320 तेवढ्या उड्डाणाला साधारण साडेतीन हजार लिटर इंधन पितं. हिशोब सोपा जावा म्हणून लिटरला 100 रुपये भाव धरा. झाले साडेतीन लाख. विमानात 150 जण बसलेत असं समजा. म्हणजे तुमच्या तिकिटातले 2,300 रुपयांच्या आसपास फक्त तेलाचे. विमानाचं भाडं, पायलटचा पगार, विमानतळाचं शुल्क, दुरुस्ती हे सगळं त्यानंतर.

आणि नफा? जगभरच्या विमान कंपन्यांची संघटना आयाटा दरवर्षी सांगते की एका प्रवाशामागे कंपनीला निव्वळ किती सुटतं. अलीकडच्या वर्षांत हा आकडा साधारण 7 डॉलर होता. म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. ही जगाची सरासरी आहे, पुणे-नागपूरची नाही, पण अंदाज यायला पुरे. आपल्या उदाहरणात इंधन लिटरमागे 26 रुपयांनी वाढलं की हे सहाशे रुपये साफ. विमान भरलेलं, तिकिटं विकलेली, आणि हातात भोपळा.

26 रुपये ही वाढ तुम्हाला फार वाटत असेल तर 2022 आठवा. रशिया-युक्रेन युद्धाचं वर्ष. जानेवारीत दिल्लीत एटीएफचा भाव किलोलिटरला, म्हणजे हजार लिटरला, 76 हजार रुपये होता. जूनमध्ये तो 1 लाख 41 हजारांवर गेला. पाच महिन्यांत लिटरमागे 65 रुपये. त्याच्या दोन वर्षं आधी, मे 2020 मध्ये, हाच भाव 22 हजारांच्या घरात होता. म्हणजे विमानाचं तेल लिटरला 22 रुपये आणि तुमच्या बाइकचं पेट्रोल त्याच्या तिप्पट! पण उपयोग काय? लॉकडाउनमुळे 25 मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवरच उभी होती.

असा धंदा करणाऱ्याने झोपायचं कसं? याचं एक उत्तर म्हणजे हेजिंग.

हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं शेअर बाजारातली काहीतरी भानगड असेल. मास कॉमच्या अभ्यासक्रमात तो येत नाही. डिक्शनरीत बघितलं तर हेज म्हणजे कुंपण. आपल्याकडे जंगलाला लागून शेत असलेल्या माणसाला कुंपण काय असतं ते सांगायला नको. धुऱ्यावर तार ओढायची, झटका मशीन लावायची, रानडुकरांनी धान लोळवू नये म्हणून आधीच पैसे घालायचे. डुकरं आली नाहीत तर ते पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. हेजिंगही तसंच. पण ते चालतं कसं हे समजून घ्यायला कुंपणापेक्षा आपल्याकडचंच दुसरं उदाहरण जास्त कामाचं आहे. तेंदूचा लिलाव.

गडचिरोलीतल्यांना हे पाठ असेल, चंद्रपूर शहरातल्यांसाठी थोडक्यात सांगते. तेंदूपत्ता तोडायचा उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये. पण त्याचा लिलाव त्याच्या आधीच होतो. पान झाडावर फुटायचं असतं, तेव्हाच ठेकेदार बोली लावतो की या युनिटमधला पत्ता मी गोणीमागे अमुक भावाने घेईन. वनहक्क आणि पेसा कायद्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा हा लिलाव स्वतः करतात. भाव ठरला की ठरला. मग मे मध्ये फळीवर पुडे मोजताना बाजार वर असो नाहीतर खाली, दोन्ही बाजू त्या आकड्याला बांधलेल्या.

गावाला यातून काय मिळालं? निश्चिंती. भाव पडला तरी मजुरी आणि रॉयल्टी ठरलेली. आणि ठेकेदाराला? त्यालाही निश्चिंतीच. पुढे बाजार चढला तरी त्याचा माल जुन्या भावाने आलेला. विमान कंपनी जेव्हा तेलाचं हेजिंग करते तेव्हा ती या ठेकेदाराच्या जागी असते. सहा महिन्यांनी, वर्षाने लागणाऱ्या तेलाचा भाव ती आजच बँकेशी किंवा तेल व्यापाऱ्याशी ठरवून टाकते. प्रत्यक्ष तेलाचे पिंप कुणी आणून देत नाही, मुदत संपली की फक्त फरकाचे पैसे इकडून तिकडे जातात. ठरल्यापेक्षा बाजार वर गेला तर समोरचा फरक देतो. खाली आला तर कंपनीने द्यायचा.

दुसरा एक प्रकार आहे, इसार देण्यासारखा. जमिनीचा सौदा करताना आपण इसार देतो. सौदा नको वाटला तर इसार बुडतो, पण बाकीचे पैसे वाचतात. तेलाच्या बाजारातही आधी थोडी रक्कम भरून 'या भावाने घेण्याचा हक्क' विकत घेता येतो. त्याला ऑप्शन म्हणतात. भाव पडला तर हक्क सोडून द्यायचा, गेला तो फक्त इसार. हा प्रकार सुरक्षित आहे, पण बाजार भडकलेला असतो तेव्हा इसारच इतका महाग होतो की घेववत नाही. पावसाळ्यात छत्री महाग, तसंच.

या खेळातलं सगळ्यात गाजलेलं नाव अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचं. 2008 साल. जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर पोचलं होतं. बाकीच्या कंपन्या रडकुंडीला आल्या होत्या. साउथवेस्टने मात्र आपल्या गरजेच्या सुमारे 70 टक्के तेलाचा भाव पिंपाला 51 डॉलरच्या आसपास आधीच बांधून ठेवला होता. जग दीडशेच्या उंबरठ्यावर आणि हे लोक पन्नाशीत! एमबीएच्या वर्गात हे उदाहरण आवडीने सांगतात.

पण वर्गात बरेचदा एवढंच सांगून थांबतात. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मंदी आली आणि तेल इतकं कोसळलं की डिसेंबरात ते 40 डॉलरच्याही खाली गेलं. मग साउथवेस्टकडे असलेल्या त्याच करारांची किंमत घसरली, ती वहीत तोटा म्हणून दाखवावी लागली आणि 17 वर्षांत पहिल्यांदा कंपनीची एक तिमाही तोट्यात गेली. विमानं तीच, प्रवासी तेच. कुंपण तेवढं अंगावर पडलं.

हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकचं तर याहून वाईट झालं. 2014 च्या मध्याला तेल पिंपाला 115 डॉलर होतं. ते आणखी वाढणार असं धरून कंपनीने पुढच्या काही वर्षांचे भाव बांधून घेतले. दीड वर्षात तेल 30 डॉलरच्या खाली. इतर कंपन्या स्वस्त तेलावर मजेत उडत होत्या आणि कॅथे जुना भाव मोजत होती. 2016 या एका वर्षात तिचा हेजिंगवरचा तोटा जवळपास साडेआठशे कोटी हाँगकाँग डॉलर होता. कंपनी त्या वर्षी तोट्यात गेली.

हे वाचून मला आपल्याकडचा 2017 चा तेंदू हंगाम आठवला. त्या वर्षी ठेकेदारांनी चढ्या बोली लावल्या, ग्रामसभा खूश होत्या. पुढे जीएसटी आला, बाजार फिरला, 2018 मध्ये भाव गडगडले आणि काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणजे भाव बांधून ठेवला तरी एक धोका उरतोच. ज्याच्याशी सौदा केला तो पैसे देईल का? कागदावर लिहिलेला भाव आणि हातात पडलेला भाव यात कधी कधी अख्खा उन्हाळा निघून जातो.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय कंपन्यांना तेलाचं हेजिंग करायची परवानगी नाही असं काही नाही. रिझर्व्ह बँकेने ती 2007 मध्येच दिली. तरीही देशातली सगळ्यात मोठी कंपनी इंडिगोसुद्धा साधारणपणे तेलाचं हेजिंग करत नाही. का नाही, याची कारणं मला तरी पटतात, निदान अर्धी.

एक म्हणजे कर. आपल्याकडे एटीएफ अजून जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचं 11 टक्के उत्पादन शुल्क आणि वर राज्याचा व्हॅट. मुंबई-पुण्यात हा व्हॅट 25 टक्के होता, 2023 च्या अर्थसंकल्पात तो 18 टक्क्यांवर आणला. हे कर टक्केवारीत आहेत, म्हणजे मूळ भाव वाढला की करही आपोआप फुगतो. सिंगापूरच्या किंवा लंडनच्या बाजारात तुम्ही मूळ तेलाचा भाव बांधून ठेवू शकता, मंत्रालयातल्या व्हॅटचा नाही.

दुसरं म्हणजे डॉलर. तेल डॉलरमध्ये, विमानांची भाडी डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये आणि तुमचं तिकीट रुपयात. तेल जागच्या जागी राहिलं आणि रुपया घसरला तरी खड्डा पडतोच.

तिसरं कारण मला सगळ्यात विचित्र वाटलं. हेजिंगसाठी बँकेकडे तारण ठेवावं लागतं, भाव उलटा फिरला तर आणखी पैसे भरावे लागतात. ज्या कंपनीच्या गल्ल्यात खडखडाट आहे तिला हे कोण देणार? म्हणजे कुंपण त्यालाच परवडतं ज्याच्या घरात आधीच धान्य आहे. ज्याचं पीक एका रात्रीत जाऊ शकतं तो रात्रभर मचाणावर जागतो.

चौथं कारण म्हणजे सरळ धंद्याचं गणित. कुणीच हेजिंग करत नसेल तर तेल वाढलं की सगळेच भाडं वाढवतात, कुणी एकटा मागे पडत नाही. एकट्याने भाव बांधला आणि तेल पडलं तर बाकीचे तिकिटं स्वस्त करतात आणि हा बसतो बघत. म्हणून कळपासोबत राहणं बरं. हे मला समजतं. पण 'सगळेच भाडं वाढवतात' या वाक्याचा अर्थ काय होतो ते बघा. जोखीम कंपनीकडून निघून आपल्याकडे आली. आपल्याला ना लिलावात बोलावलं, ना इसार मागितला. कुंपण आपणच!

पटत नसेल तर ऑक्टोबर 2023 बघा. तेलाचे भाव वाढले म्हणून इंडिगोने तिकिटावर वेगळा इंधन अधिभार लावला. 500 किलोमीटरपर्यंत 300 रुपये, 501 ते 1,000 किलोमीटरला 400 आणि पुढे वाढत वाढत 1,000 पर्यंत. पुणे-नागपूर दुसऱ्या गटात, म्हणजे 400. आपल्या वरच्या हिशोबात हे लिटरमागे 17 रुपयांची वाढ भरून काढतं. भाव उतरल्यावर जानेवारी 2024 मध्ये कंपनीने तो काढलाही, हे नोंदवायला हवं.

अर्थात नेहमी असं भाडं वाढवता येत नाही. 2018 मध्ये तेल 86 डॉलरवर गेलं, डॉलर 74 रुपयांवर, आणि कंपन्यांमध्ये स्वस्त तिकिटांची मारामारी चालू होती. सप्टेंबरच्या तिमाहीत इंडिगोला 652 कोटींचा तोटा झाला, शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिला. जेटला त्याच तिमाहीत सुमारे 1,300 कोटींचा. इंडिगोकडे रोकड होती, ती तरली. जेटच्या डोक्यावर आधीच कर्ज होतं. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान तिचं शेवटचं ठरलं.

जेटचं नाव निघालंच आहे तर त्याच्याही आधीचं एक सांगते, कारण त्यात तुमच्या-माझ्या वयाची मुलं आहेत. 2008 च्या जुलैत तेल 147 डॉलर झालं, मागून मंदी आली, आणि ऑक्टोबरात जेटने सुमारे 1,900 कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी बसवलं. त्यात मोठ्या संख्येने केबिन क्रू होते, बरेचसे प्रोबेशनवरचे, विशीतले. ती मुलं-मुली युनिफॉर्म घालून मुंबईत रस्त्यावर उतरली. राज ठाकरे मध्ये पडले, देशभर बातम्या झाल्या आणि नरेश गोयल यांनी एक-दोन दिवसांतच निर्णय मागे घेतला. तेव्हा आपण बालवाडीत होतो. आज आपल्याकडच्या कितीतरी मुली नागपूरला एअर होस्टेसचा, ग्राउंड स्टाफचा कोर्स करायला जातात. उंची, इंग्रजी, मेकअप सगळं शिकवतात तिथे. मुलाखतीला जाण्याआधी त्या कंपनीचा तिमाहीचा निकाल उघडून 'इंधन खर्च' ही ओळ बघावी, हे मात्र कुणी सांगत नाही. निकाल कंपनीच्या वेबसाइटवर फुकट असतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या जिल्ह्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आज आपलं विमानतळ म्हणजे नागपूर. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. सिरोंच्याच्या मुलाला तर नागपूरपेक्षा हैदराबादचा रस्ता जवळचा. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण मोठी प्रवासी विमानं उतरण्यासारखी नाही. राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगाव परिसरात नवं विमानतळ करायचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. त्यातली काही जमीन वनजमीन आहे, वाघांच्या भ्रमणमार्गाचा मुद्दा आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय. मी फक्त तेलापुरतं बोलते.

शेजारच्या गोंदियाचं उदाहरण घ्या. बिरसी विमानतळावरून 13 मार्च 2022 ला उडान योजनेतून फ्लायबिग कंपनीची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली. मोठा सोहळा झाला. तीनच दिवसांनी, 16 मार्चला, एटीएफने देशात पहिल्यांदा किलोलिटरला एक लाखाचा आकडा ओलांडला. सेवा काही महिन्यांतच थांबली. ती फक्त तेलामुळे थांबली असं म्हणणं चुकीचं ठरेल, लहान कंपनीच्या अडचणी अनेक असतात. पण यापेक्षा वाईट मुहूर्त पंचांगात शोधूनही सापडला नसता. गोंदियातून पुन्हा विमान उडालं ते 1 डिसेंबर 2023 ला, इंडिगोचं, हैदराबाद आणि तिरुपतीसाठी.

उडान योजनेत सरकार बरंच करतं. काही सीटचं भाडं बांधून देतं, त्यातली तूट भरून काढायला कंपनीला ठराविक वर्षं पैसे देतं, आणि या विमानतळांवर भरलेल्या इंधनावर राज्याचा व्हॅट 1 टक्क्यापर्यंत खाली येतो. मुंबईचे 18 आणि इथला 1, फरक लहान नाही. पण मूळ तेल तेच, त्याच आखाती बाजाराच्या भावाने येणारं, दर महिन्याच्या एक तारखेला बदलणारं.

म्हणून शेवटी आणखी एक हिशोब, मूर्तीचा. समजा विमानतळ झालं आणि 70 सीटचं एटीआर विमान मुंबईला निघालं. अंतर सुमारे 680 किलोमीटर, इंधन साधारण दीड हजार लिटर. 100 रुपयांच्या भावाने दीड लाख. विमानात 65 जण असतील तर माणशी 2,300 रुपयांचं तेल, म्हणजे पुणे-नागपूरच्या मोठ्या विमानाइतकंच. 40 जणच असतील तर 3,750. आता तेल लिटरमागे 30 रुपयांनी वाढवा. भरलेल्या विमानात माणशी 700 रुपये वाढतात, अर्ध्या रिकाम्या विमानात 1,125. मुंबई-दिल्लीचं विमान अशा वाढीतही भरतं, कंपनीच्या खर्चाने जाणारे लोक असतात तिथे. राजुऱ्याहून, गोंडपिपरीहून, आष्टीहून निघालेला माणूस 1,125 रुपये जास्त ऐकून नागपूरची एसटी पकडेल. मग त्या विमानात 40 चे 30 होतील, आणि 30 जणांत तेच तेल वाटलं तर माणशी साडेसहा हजार.